राइड सायकलची की मिसळीची? (गप्पांचा धागा)

सकाळचा_गारवा | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, आज परत तेच झालं म्हणून लिहितोय. बोपदेव घाट चढून सासवड, मग दिवे घाट उतरून हडपसरमार्गे घरी, असा बेत होता. साध्या हिशेबाने साडेआठपर्यंत सगळे घरी पोचायला हवे होते. सासवडला नाश्त्याला बसलो आणि दीड तास उठलोच नाही. आधी टेबलं जोडा, मग कुणाला तिखट कमी, कुणाला तर्री वेगळी, मग 'अजून एकेक चहा होऊन जाऊ दे', मग फोटो, आणि शेवटी बिलावरून घोळ. दिवे घाट उतरलो तोवर ऊन चटके द्यायला लागलं होतं. फुरसुंगीपासून पुढे ट्रक आणि बसच्या मधून अंग चोरत कसंबसं हडपसर गाठलं.

माझं मत: ग्रुप राइडमध्ये मध्येच बसून नाश्ता करणं बंद. खिशात चिक्की, खजूर, केळं ठेवा. दहा मिनिटं उभ्याने थांबा, पाणी भरा, निघा. खायचंच असेल तर राइड संपल्यावर आपापल्या घराजवळ खा.

तुमच्याकडे काय पद्धत आहे? धागा अवांतर गप्पांचा आहे, गिअर-टायरचा काथ्याकूट दुसरीकडे करा.

चेनपडली

तर्री वेगळी मागणारा मीच. जागा धरून ठेवतो, बोला.

भरल्या_पोटी

संपूर्ण असहमत. मी पाचला उठतो ते घाटासाठी नाही, घाटापलीकडच्या मिसळीसाठी. ती नसती तर मी झोपून राहिलो असतो आणि तुम्ही एकटेच ताशी किती किलोमीटर ते मोजत बसला असता. घराजवळची मिसळ काय, घराजवळ रोजच असते. घाट चढून आल्यावर तोच पाव वेगळा लागतो.

आकडेमोड

दोघांनाही थोडं गणित. मध्यम वजनाच्या माणसाने आरामात ४० किमी सायकल मारली तर ढोबळमानाने ८०० ते १००० कॅलरी जातात, चढ असेल तर जास्त. एक मिसळ, दोन जादा पाव, मध्ये 'शेअर करू' म्हणून मागवलेली आणि कुणीच शेअर न केलेली कांदाभजी, वर गोड चहा. हिशेब जागेवर चुकता. वजन कमी करायला सायकल घेतलेल्यांनी हा धागा वाचू नये.

पण गारवा म्हणतात तेही सरसकट खरं नाही. जोरात चालवलं तर अंगातला साठा दीड-दोन तासांत तळाला जातो. मग पाय एकदम बंद पडतात, डोकं गरगरतं आणि सपाट रस्तासुद्धा चढ वाटायला लागतो. म्हणून लांबच्या राइडला दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. त्याला केळं, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी पुरतं. मिसळ हे त्यावरचं औषध नाही. तेल आणि तिखट पोटात घेऊन पुढचा घाट चढून बघा.

भरल्या_पोटी

बघितलाय. चढतो. जरा सावकाश चढतो.

त्र्यंबकवाट

नाशिकहून सांगतो. आमच्याकडे आधी मिसळ ठरते, मग रस्ता. या रविवारी काळ्या मसाल्याची खायची असेल तर मखमलाबादकडे, नाहीतर गंगापूर रोडने पुढे. पापड, दही, मोकळं अंगण, झाडाखाली बाज. सायकली कुंपणाला टेकवायच्या आणि नजर त्यांच्यावर ठेवत खायचं. ज्या गावच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी २०१५ साली दोघांत मिळून रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, जवळजवळ ४८०० किलोमीटर, त्या गावाला सायकलिंग शिकवायला जाऊ नका.

सकाळचा_गारवा

ते भाऊ वाटेत बाजेवर बसून पापड मोडत नव्हते हो.

त्र्यंबकवाट

:D :D हे मात्र मान्य. पण एक भाऊ चालवत असताना दुसरा गाडीत बसून खात असणारच की! आमचंही तसंच आहे, फक्त आम्ही सगळे एकदम दुसऱ्या भावाच्या भूमिकेत असतो.

चेनपडली

दंडवत स्वीकारा.

ब्रेव्हेवाला

गारव्याशी निम्मा सहमत. ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) करायला लागल्यापासून माझी बसून खायची सवय मोडली. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. या वेळेत सगळं आलं: चढ, पंक्चर, झोप, शौच, वडापाव. तुम्ही टेबलावर बसलात म्हणून घड्याळ थांबत नाही. कंट्रोलच्या, म्हणजे पोचल्याचा पुरावा घ्यायच्या, गावी पोचलो की आधी एटीएममधून शंभर रुपये काढायचे, कारण ती वेळ छापलेली चिठ्ठी हाच पुरावा. ती घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत, आणि मगच खाण्याकडे बघायचं. एकदा मशीनमधला कागदच संपलेला होता. शेजारच्या टपरीवाल्याकडे बिल मागितलं तर तो म्हणाला, "दहा रुपयाच्या चहाला बिल?" शेवटी औषधाच्या दुकानातून क्रेप बँडेज विकत घेतलं, तेव्हा कुठे वेळेसकट छापील पावती मिळाली.

निम्मा असहमत अशासाठी की रविवारची राइड म्हणजे ब्रेव्हे नाही. रात्री दोनला ढाब्यावर गार खिचडी उभ्याने गिळणं ही गरज असते. लोकांनी ती हौस म्हणून रविवारी का करावी?

रंकाळा_फेरी

काय लावलंय मिसळ मिसळ. पावाबरोबर खाताय तुम्ही ती. कोल्हापुरात या, स्लाइस ब्रेडबरोबर खाऊन दाखवतो. आमची पन्हाळ्याची फेरी झाली की गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस समोर उभी असते, धार काढली की फेसाळ दूध थेट पेल्यात. उभ्याउभ्या प्यायचं, मिशा पुसायच्या, घर गाठायचं. गारवासाहेब, तुमचा दहा मिनिटांचा नियम आम्ही आधीपासून पाळतोय बघा.

तर्री

नागपूर हजर. आयडी बघून कळलंच असेल, इथं तर्री पोह्यांवर येते. वर हरभरे, शेव, लिंबू. रामटेकला जाऊन यायचं म्हटलं तर जाऊन-येऊन शंभरच्या आसपास होतात, आणि मे महिन्यात आठनंतर रस्त्यावर राहणं म्हणजे स्वतःला भाजून घेणं आहे. म्हणून इथं नाश्ता राइडच्या आधीच, पहाटे. ठेलेवाले लवकर उघडतात ना भाऊ. उन्हाळ्यापुरता मी गारव्याच्या पक्षात, हिवाळ्यात भरल्या पोटीच्या.

पॉपकॉर्न_प्लीज

जिल्हानिहाय मिसळ सुरू झाली. धाग्याचं काश्मीर व्हायला फक्त 'खरी मिसळ कुणाची' हे विचारायचं बाकी आहे.

चेनपडली

खरी मिसळ कुणाची?

(पळतो.)

सायली_ब

सगळ्यांनी तर्रीवरून भांडून झालं असेल तर एक सांगू? ग्रुपमधल्या आम्हा बायकांना नाश्त्याचा थांबा नाश्त्यासाठी लागतच नाही. पहाटे पाचला घर सोडल्यावर अडीच-तीन तासांनी बरं, दार लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह लागतं. ते टपरीवर नसतं, पेट्रोल पंपावर असलं तरी बऱ्याचदा कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नसतं. बसून खायचं हॉटेल हीच एक भरवशाची जागा. 'दहा मिनिटं उभ्याने थांबा' यात आमचं काय करायचं तेवढं सांगा. नव्या मुली दोन राइडनंतर येईनाशा का होतात, याचं कारण घाट आहे असं समजू नका. घरून निघताना पाणी कमी पिऊन येतात त्या, आणि मग चढावर गोळे येतात. मी स्वतः वर्षानुवर्षं तेच केलंय.

मुक्ता_पर्वतीपायथा

सायलीताई, +१०००. वर बिब शॉर्ट्स (खांद्यावरून पट्टे असलेली सायकलची चड्डी) घातली असेल तर आणखी दिव्य. सगळं उतरवावं लागतं, तेही दोन हातांनी जर्सी ओल्या फरशीपासून वर धरून. दीड तास आम्हालाही नको, पण अर्धा तास हवाच.

सकाळचा_गारवा

सायली, मुक्ता, मग थांबा कुठे घ्यायचा ते यापुढे तुम्ही दोघींनी ठरवायचं. बाकीच्यांनी तिथे काय खायचं ते खा. वेळेचं माझं भांडण चालूच राहील.

जुनी_दांडी

मी ग्रुपमधला सर्वात म्हातारा असेन, आणि मधुमेही. मला दर तासाला तोंडात काहीतरी टाकावंच लागतं, वर खिशात लिमलेटच्या गोळ्या कायम. त्यामुळे माझा नाश्ता सायकलवरच होतो, हॉटेलात मी फक्त बिनसाखरेचा चहा घेऊन तुमची भांडणं ऐकतो. फार करमणूक होते.

आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता, कारण सायकल म्हणजे व्यायाम नव्हता. पुण्यात सगळेच सायकलवर. शाळा, कचेरी, दळण, नवरा-बायको डबलसीट, पोरगं पुढे दांडीवरच्या छोट्या सीटवर. सायकलला पालिकेचा कर असायचा आणि तो भरला की पितळी बिल्ला मिळायचा. रात्री दिवा नसला की चौकातला हवालदार अडवायचा. डायनॅमो चालत्या चाकावर पेटतो, उतरलं की विझतो, मग त्याला पटवायचं कसं की दिवा होता? चाक हाताने उचलून फिरवून दाखवायचं.

कात्रजकर

काका, तासाच्या भाड्याची सायकल विसरलात. तास भरत आला की घड्याळात बघत जिवाच्या आकांताने दुकानाकडे. आयुष्यातलं पहिलं स्प्रिंट ट्रेनिंग तेच. तेव्हा हाफ पॅडलवर होतो, सीटपर्यंत पाय कुठे पोचत होते.

रंकाळा_फेरी

आणि दुकानदार सायकल परत घेताना आधी चाक फिरवून आउट झालंय का बघणार, मग मडगार्डवरचा प्रत्येक ओरखडा तुमच्या नावावर.

आकडेमोड

कर्वेनगरला जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे, तिथे असल्या गोष्टी बघायला मिळतात. काकांना घेऊन एकदा जाऊ या. तिकडून परतताना मात्र कुठे बसायचं यावर नवा धागा काढावा लागेल.

खाडीपलीकडे

आम्हा कोकणातल्यांना हा वाद समजतच नाही. सागरी रस्त्याने गुहागरकडे निघालात तर दाभोळला फेरीबोटीसाठी थांबावंच लागतं. बोट पलीकडे धोपाव्याला असेल तर तुमच्या सरासरी वेगाला ती विचारत नाही. सायकल धक्क्यावर आडवी करायची, कोकम सरबत घ्यायचं, खाडीकडे बघत बसायचं. पुढे तवसाळ-जयगडला परत तेच. आणि खाडी आली म्हणजे समुद्रसपाटीपर्यंत उतार, ओलांडली की लगेच सड्यावर चढ, तोही असा की पहिल्याच वळणावर लहान गिअर संपतात. बोटीवर मिळालेली ती पंधरा-वीस मिनिटं पायांना किती लागतात ते चढावर कळतं. नाश्ता म्हणाल तर घावन आणि चटणी, घरगुती खाणावळीत. आधी फोन करून ठेवायचा, नाहीतर काकू सांगतात, "आता पीठ भिजवूचा लागात."

भरल्या_पोटी

'पीठ भिजवूचा लागात' वाचूनच भूक लागली. मालवणी बाज दिसतोय काकूंचा, गुहागराकडच्या का?

खाडीपलीकडे

सासर गुहागर, माहेर कुडाळ. बोली माहेरचीच ठेवली आहे.

डच_वारा

उत्रेख्तहून नमस्कार. इथे स्टेशनाखाली १२,५०० सायकली मावतील एवढं वाहनतळ आहे, आणि तरी माझी सायकल ठेवलेली रांग मला रोज शोधावी लागते. तर, खाण्याबद्दल. रविवारी सकाळी जर्सी घालून निघालेले डच लोक बघाल तर भयंकर गंभीर. रांगेत, एकामागे एक, खड्डा आला की हाताने खूण. तासा-दीड तासाने एखाद्या गावात उतरतात आणि सगळेच्या सगळे कॉफी आणि ॲपल पाय मागवतात. मोठा तुकडा, वर फेटलेलं क्रीम. हा थांबा वगळावा असं सुचवलंत तर तुमच्याकडे बघतील आणि काही न बोलता क्रीम जादा मागवतील. मग बिलाची विभागणी शेवटच्या सेंटपर्यंत. टीटीएमएम पुणेकरांनी शोधलं असं समजू नका.

इथे घाट नाहीत, वारा आहे. समोरून येणाऱ्या वाऱ्यात सायकल चालवायची राष्ट्रीय स्पर्धा भरते, समुद्राच्या बंधाऱ्यावर साडेआठ किलोमीटर, साध्या बिनगिअरच्या सायकलवर, आणि तीही वादळी वाऱ्याचा दिवस बघून. एकदा तसल्या वाऱ्यात तासभर चालवून या, मग सांगा बसायचं की उभ्याने चिक्की खायची.

सकाळचा_गारवा

इथे फक्त मलाच घरी काम असतं का?

ब्रेव्हेवाला

गारवा, टूर द फ्रान्सचं उदाहरण द्याल म्हणून आधीच सांगतो. आता ते पिशवी चालत्या सायकलवरून खांद्यात अडकवून घेतात, पण एके काळी तिथले स्पर्धकही वाटेतल्या कॅफेत घुसून हाताला लागतील त्या बाटल्या घेऊन पळायचे. थांब्याची परंपरा तुम्ही समजता त्यापेक्षा जुनी आहे.

मुक्ता_पर्वतीपायथा

थांबण्याबद्दल चाललंच आहे तर क्लीटबद्दलही बोला. बुटाच्या तळाला प्लास्टिकची क्लीट, हॉटेलात नुकतीच पुसलेली शहाबादी फरशी. मागच्या महिन्यात आपल्यातले एक सद्गृहस्थ (नाव घेत नाही, तर्री वेगळी मागतात) काउंटरवरून दोन्ही हातांत ताटल्या घेऊन टकटक करत निघाले. तिसऱ्या पावलाला उजवा पाय पुढे गेला, डावा तिथेच राहिला. माणूस पूर्ण खाली बसला, पण ताटल्या शेवटपर्यंत आडव्या. एक थेंब सांडला नाही. गल्ल्यावरच्या मालकांनी टाळ्या वाजवल्या.

चेनपडली

गुडघा आठवडाभर दुखत होता. पण रस्सा वाचला, याची नोंद घ्यावी.

कात्रजकर

सीताफळांच्या दिवसांत सासवडहून येताना याच माणसाने जर्सीच्या मागच्या खिशांत पिकलेली सीताफळं भरली होती. कुणीतरी सांगितलं, दिवे घाटात वाकून बसू नकोस. हा वाकला. हडपसरला पाठीवर जे काही होतं ते बघून सिग्नलवरच्या रिक्षावाल्याने काळजीने विचारलं, "लागलं का हो?"

पॉपकॉर्न_प्लीज

हसून हसून ऑफिसात पकडला गेलो. वाखुसा (वाचनखूण साठवली).

जुनी_दांडी

बरं, मूळ प्रश्नावर येऊ का? दोन दिवस वाचतोय. गारवाचं खरं दुखणं मिसळ नाही, हडपसरची गर्दी आहे. मग आपण फेरी उलटी का मारत नाही? पहाटे साडेपाचला हडपसर, तेव्हा रस्ता मोकळा असतो. दिवे घाट चढायचा. चढ लांब आहे पण बोपदेवपेक्षा सौम्य, आणि वरून खाली मस्तानी तलाव दिसतो. सातच्या सुमारास सासवड. तिथे सायली-मुक्ता म्हणतील त्या ठिकाणी बसायचं. परत येताना बोपदेव उतरून कोंढव्यात. तिथेही गर्दी असते, पण ट्रकच्या मधून जावं लागत नाही. पालखीच्या दिवसांत मात्र दिवे घाटाकडे फिरकायचं नाही. ती वाट तेव्हा माउलींची.

आकडेमोड

काका, बोपदेवचा उतार तीव्र आहे, वळणं आवळलेली आणि खाली वाळू असते. पोट भरलेलं आणि डोळ्यांवर पेंग असताना उतरायचं म्हणजे ब्रेकपॅड आधी बघून या. सतत दाबून धरू नका, दाबा-सोडा करत उतरा, नाहीतर रिम तापते.

सायली_ब

उलटी फेरी मला चालेल. ठिकाण मी सांगते, तिथलं स्वच्छतागृह बरं आहे आणि मालकीण स्वतः लक्ष देते. आदल्या रात्री फोन करून किती जण ते कळवू, म्हणजे टेबलं जोडण्यात वेळ जाणार नाही.

सकाळचा_गारवा

चालेल. चाळीस मिनिटं. सातला बसलो तर सात चाळीसला मी सायकलवर, मागे कोण आहे बघणार नाही. बिल एकाने भरायचं, हिशेब घरी गेल्यावर ग्रुपवर.

भरल्या_पोटी

चाळीस मिनिटांत भजी दोनदा तळून होतात. मंजूर.

त्र्यंबकवाट

पुणेकरांनी वाद मिटवला? तारीख लिहून ठेवतो.

मुक्ता_पर्वतीपायथा

साडेपाचला अंधार असतो, पुढचा-मागचा दिवा चार्ज करून आणा. मागच्या वेळी निम्म्यांचे दिवे मगरपट्ट्यापर्यंतच टिकले. आतापर्यंत मी, सायली, गारवा, काका, कात्रजकर, भरल्या पोटी. आणखी कोण?

चेनपडली

मी आहेच. कुणाकडे जादा ट्यूब असेल तर आणा, माझ्या ट्यूबवर ठिगळाला आता जागा उरली नाही.

जुनी_दांडी

माझ्याकडे आहे, पण ७०० ची. तुझं चाक २६ चं. शनिवारी संध्याकाळी दुकान उघडं असतं, घेऊन ये.